लाईन सोडायची नाही

आमच्या घरात एक शील्ड आहे. लाकडाचं, वर पितळी पत्रा, पत्र्यावर माझ्या नवऱ्याचं नाव आणि खाली 'उत्कृष्ट ऑपरेटर'. चाकणला ज्या कंपनीत भीमराज गाड्यांचे पार्ट जोडतात, त्या कंपनीनं गेल्या दिवाळीत दिलेलं. आमच्या बाहेरच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खाली, ते चांगलं ठळक दिसेल असं लावलेलं होतं. पाहुणा आला, बसला, मी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, की भीमराज सुरू.

"शिफ्ट चालू झाली की आपण लाईन सोडत नाही. बाकीचे रिलीव्हर मागतात. जायचं झालं की बटण दाबायचं, लाल दिवा लागतो, रिलीव्हर येऊन तुमच्या जागी उभा राहतो. मी कधी दिवाच लावला नाही. कसं माहितीये? पाणीच प्यायचं नाही. मग जायचा प्रश्नच नाही."

पाहुणा हातातल्या ग्लासकडे बघतो आणि प्यावा की ठेवावा अशा पेचात पडतो.

हा पाणी न पिणारा वीर रोज सकाळी मोबाईल घेऊन संडासात बसला की बाहेर मी, सासूबाई आणि माझी लेक साक्षी, अशी रांग लागते. आतून बातम्या ऐकू येतात. दुसरं काही ऐकू येत नाही. ही बाजू भीमराज पाहुण्यांना सांगत नाहीत, आणि मी चहा टाकायला आत गेलेली असते म्हणून वाचतात.

तर साक्षी. तिसरीत आहे, तोंडानं वकील. दिवाळी झाली आणि ही पोरगी अंथरूण ओलं करायला लागली. लहानपणी कधीच सुटलेली सवय परत आली. काळेवाडीत घरं इतकी खेटून आहेत की आमची गादी गच्चीवर वाळत पडली की गल्लीला बातमी लागलीच. मी खाली फॉल-पिकोचं दुकान चालवते. बायका साडी टाकायला येतात, वर बघतात आणि मग माझ्याकडं बघतात. माझं डोकं फिरायचं.

आणि मे महिन्यात शिबिर होतं. मोशीकडच्या एका विहारात मुलांचं निवासी शिबिर, वंदना, ध्यान, खेळ, रात्री सगळ्या मुली एका हॉलमध्ये ओळीनं झोपणार. साक्षीची आत्येबहीण सोनू जाणार होती, म्हणून साक्षीनं पण जानेवारीपासून धोशा लावला होता. सोनू गोड पोरगी आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. एका सकाळी साक्षीची सतरंजी ओली दिसली असती, तर नाष्ट्याच्या आत सगळ्या शिबिराला कळलं असतं.

"गादी कोरडी राहायला लागली की जा," मी साक्षीला सांगितलं. ती नुसती मान खाली घालून फ्रॉकचा दोरा ओढत बसली.

भीमराजांनी लगेच उपाय काढला. "इनपुट बंद केला की आउटपुट बंद होणार. सोपं आहे." संध्याकाळी दिवेलागणीनंतर साक्षीला पाणी बंद. जेवताना एक घोट, तोही मोजून मापून. माठाजवळ स्वतः खुर्ची टाकून बसायचे, कंपनीच्या गेटवर वॉचमन बसतो तसे.

गादी ओलीच. उलट जास्त ओली. आणि वर दुसरंच दुखणं सुरू झालं. पोरीला संडासला होईना. दिवस दिवस जायची नाही. गेली की कण्हायची, रडायची, आणि मग भीतीनं परत जायचीच नाही. जेवण कमी झालं. पोट दुखतंय म्हणून पाय मुडपून बसायची. मग चड्डीला पातळ डाग दिसायला लागले, तर भीमराज म्हणाले, "बघ, आता जुलाब. पोट बिघडलंय, फळंबिळं बंद कर."

माझ्या सासूबाई, केसरबाई, परभणीकडच्या. इथं येऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांची बोली एका शब्दानं हललेली नाही. त्या म्हणाल्या, "लेकराला परसाकडं होईना आन तू तिचं पाणी तोडायलास. आरं, कोरड्या नाल्यातून काय वाहतंय का? एरंडेल आण." एरंडेलाचं नाव काढलं आणि साक्षी गच्चीवर पळाली. टाकीमागं लपली. मला दुकान बंद करून तिला उतरवावं लागलं.

शेवटी मीच उठले आणि बापलेकींना घेऊन डॉक्टर विजयश्रींकडं गेले. मुलांच्या डॉक्टर आहेत, इथंच. त्यांनी साक्षीला झोपवून पोटावर डाव्या बाजूला हलकं दाबलं, आणि मला म्हणाल्या, "हात लावून बघा." मला गाठीसारखं काहीतरी लागलं. मी घाबरले.

"घाबरू नका, हे साठलेलं आहे. जुलाब नाहीत हिला. घट्ट झालेलं आत अडकलंय आणि त्याच्या कडेनं पातळ तेवढं निसटतंय."

"आणि रात्रीचं?" मी विचारलं.

"तेही यामुळंच. साठलेलं लघवीच्या पिशवीवर दाबतं. पिशवीला फुगायला जागाच राहत नाही, मग झोपेत सुटतं. पाणी किती पिते?"

मी भीमराजांकडं बघितलं. भीमराजांनी छताकडं बघितलं. मग पाणीबंदीचं सांगावं लागलं.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. "पाणी कमी पडलं की आतडं मलातलंच पाणी ओढून घेतं. मल आणखी घट्ट. आणखी घट्ट की पिशवीवर आणखी दाब. तुम्ही अंथरूण कोरडं करायला पाणी तोडलंत आणि त्यानंच अंथरूण जास्त ओलं झालं."

भीमराजांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "म्हणजे मॅडम, डिस्पॅच बंद, स्टोअर फुल, आणि सगळा लोड शेजारच्या टाकीवर."

"तसं समजा."

"आणि मी इनपुट बंद केला."

"तुम्ही पोरीचं पाणी बंद केलंत," डॉक्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी मल मऊ करणारं औषध दिलं आणि आपणहून थांबवायचं नाही असं बजावलं. जेवण झालं की कमोडवर बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा, घाई करायची नाही, रागवायचं नाही. आणि पाणी दिवसभर, थोडं थोडं, विशेषतः शाळेत. "एका रात्रीत साठलेलं नाही, एका रात्रीत जाणारही नाही," त्या म्हणाल्या. एरंडेल नको हे ऐकून सासूबाई घरी दोन दिवस डॉक्टरांचं नाव न घेता 'ती बाई' म्हणत होत्या.

शाळेच्या पाण्याची मला काळजी नव्हती. साक्षीची बाटली रोज रिकामी यायची. मी दुपारी दप्तर उघडून आधी बाटली हलवून बघायची. खडखडीत. घरात पाण्यावर एवढा तमाशा, पण पोरगी शाळेत तरी पिते, म्हणून मी समाधानी.

औषधानं पोट हलकं व्हायला लागलं. पण मार्च निम्मा सरला तरी गाडी अडतच होती. चार दिवस बरे गेले की परत कण्हणं, परत ओली गादी. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत नक्की पिते ना?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "बाटली रिकामी येते मॅडम." त्यांनी भुवई वर केली आणि औषध थोडं वाढवलं.

मग एका रविवारी सरूबाई पपई घेऊन आल्या. सरूबाई आमच्या शेजारच्या, काळेवाडीतल्या जुन्या घरातल्या. त्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावर कंपनीतून आलेल्या निळ्या ड्रममध्ये पपई लावलेली आहे. दारात उभ्या राहून पिकलेली पपई माझ्या हातात दिली.

"घे गं. पयला मान तुज्या लेकीचा. तिनंच जगवलं झाड."

"कुणी? साक्षीनं?"

"व्हय की. आमच्या नळाला पानी येतंय एक दिवसाआड, आमी कुटं झाडाला घालायचं? ही येती रोज दुपारी शाळेतून. बाटलीचं टोपन काडती, सगळी बाटली वतती बुंद्यात, न् मग तुज्याकडं जाती. दिवाळीपासनं बगती मी. लई गुणाची हाय."

गुणाची पोरगी तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून चित्र रंगवत होती. तिचा खडू थांबला.

सरूबाई गेल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात भीमराजांनी हात वर केला. "थांब. रागवायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आपण पद्धतशीर जाऊ. कंपनीत फॉल्ट आला की आम्ही व्हाय-व्हाय करतो. का, मग त्याचं का, मग त्याचं का. पाच 'का' विचारले की मूळ कारण हाताला लागतंच." आणि त्यांनी साक्षीला समोर स्टुलावर बसवलं.

"ते वाय-वाय काय लावलंस," सासूबाई म्हणाल्या. "कामून म्हण की सरळ."

"बरं, कामून. साक्षी, पाणी कामून ओततेस?"

"भरलेली बाटली घरी आणली की मम्मी ओरडते."

"बरोबर. मग पीत कामून नाहीस?"

"प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं. बाई सोडत नाहीत का?"

"सोडतात."

"संडास घाण आहे?"

"नाही. मावशी रोज धुतात."

भीमराज जरा अडखळले. त्यांनी घाण संडासाची तयारी ठेवली होती, शाळेत जाऊन तक्रार करायची वगैरे. "मग बाई सोडतात, संडास चांगला आहे, तर जात कामून नाहीस?"

साक्षी खडूवरचा कागद सोलत बसली. मग म्हणाली, "तास चालू झाला की मी लाईन सोडत नाही."

"हे..." भीमराज पुढं झुकले. "हे कुणी शिकवलं?"

साक्षीनं खडू वर केला आणि भिंतीकडं दाखवला. शील्डकडं.

"वर्गात सगळ्या मुली जातात," ती म्हणाली. "मी एकदा पण जात नाही. बाईंना मी सांगितलं, माझ्या पप्पांना यासाठी बक्षीस मिळालंय."

मी आयुष्यात बऱ्याच वेळा भीमराजांची जिरावी म्हणून वाट बघितली आहे. ती वेळ आली तेव्हा मला अजिबात मजा आली नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पोरीनं बापासारखं व्हायचं म्हणून एवढे महिने पोट आवळून धरलं होतं.

"भिमा," सासूबाई म्हणाल्या, "सापडलं का मूळ?"

भीमराजांनी मला पपई कापायला सांगितली. चौघांनी बसून खाल्ली. साक्षीनं सगळ्यात जास्त खाल्ली, आणि तिचा हक्कच होता, सगळं पाणी तिचंच होतं.

खाऊन झाल्यावर करार झाला. उद्यापासून साक्षीनं आणि पप्पांनी, दोघांनीही आपापली बाटली प्यायची आणि रिकामी आणायची.

"ओतायची नाही," भीमराज म्हणाले. "चीटिंग केलीस तर शिबिर रद्द."

"आणि तुम्ही केली तर?"

"माझं काय रद्द करणार?"

साक्षीनं भिंतीकडं बघितलं. "शील्ड."

भीमराज हसले आणि हात पुढं केला. वकिलाशी करार करताना माणसानं हसू नये, पण ऐकतंय कोण.

साक्षी खरंच प्यायला लागली. पहिल्या दिवशी घरी येऊन तिनं मला कानात सांगितलं की ती गणिताच्या तासाला उठून गेली आणि बाई काही म्हणाल्या नाहीत. जणू काही तिनं शाळेला आग लावली होती आणि कुणी पकडलं नव्हतं. तिला बरं वाटायला लागलं. जेवायला लागली. पाटावर पाय ठेवून बसून आतून गाणी म्हणायला लागली. एप्रिलमध्ये गादी गच्चीवर जायची आधी कमी झाली, मग थांबली. सरूबाईंनी विचारलंसुद्धा, "गादी वाळवत न्हाईस का आता?" पपईला मीच मधनंअधनं भांडी धुतलेलं पाणी नेऊन घालत होते, ते झाडही बिचारं आमच्या घरचंच झालं होतं.

भीमराजांचीही बाटली रिकामी यायची. रोज. पण सकाळची रांग काही कमी होईना. आतून बातम्या तशाच. साक्षी बाहेर ब्रश घेऊन उभी राहायची आणि दाराकडं डोळे बारीक करून बघायची. मला ती नजर ओळखीची आहे. माझीच आहे.

एका संध्याकाळी भीमराज घरी आले, रिकामी बाटली ओट्यावर ठेवली, जेवायला बसले. साक्षीनं त्यांना भाकरी वाढली, जी ती कधी वाढत नाही.

"पप्पा, आज पाणी कसं होतं?"

"एकदम मस्त. गार. सगळं संपवलं."

"खारट नव्हतं?"

"छे. कशाला खारट असेल?"

"मी सकाळी त्यात मूठभर मीठ घातलं होतं."

सासूबाईंना असा ठसका लागला की मला त्यांची पाठ चोळावी लागली. भीमराजांचा घास हातातच राहिला. मग सगळं बाहेर आलं. घरी येताना कंपनीची बस निघोज्याच्या पुढं सिग्नलला थांबते तिथं, खिडकीतून ओतायचे. रोज. "सवय नाही गं," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत कधी दिवा लावला नाही. आता लावला की सगळे वळून बघणार. लाज वाटते."

"मला पण वाटत होती," साक्षी म्हणाली. एवढंच. मग स्टूल ओढलं, वर चढली आणि शील्ड काढलं. भीमराजांनी अडवलं नाही.

शील्ड कुठं ठेवायचं यावर मात्र वाद झाला. साक्षीचं म्हणणं माळ्यावर, रद्दीत. मी म्हटलं, एवढं चांगलं लाकूड. शेवट सासूबाईंनी केला. आमच्या माठाचं झाकण फुटलं होतं, त्यावर ताटली ठेवत होतो. त्यांनी शील्ड घेतलं, धुतलं, माठावर ठेवलं. बरोबर बसलं. आता घरात कुणालाही पाणी प्यायचं झालं, भीमराजांना धरून, की आधी उत्कृष्ट ऑपरेटर उचलावा लागतो.

मे आला. शिबिराची पिशवी भरताना मी कपड्यांच्या तळाशी हळूच एक प्लास्टिक अंथरलं. भरवसा होता, पण आई आहे मी. साक्षीनं ते शोधून काढलं आणि परत माझ्या हातात दिलं. "नको, मम्मी."

तिला सोडून आले आणि ती परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. एका बाईच्या साडीला दुसरीच्या साडीचा फॉल लावला. फोन वाजला की वाटायचं सोनूच्या आईचा असणार.

ती आली, बरोबर सोनू. मी पिशवी घेतली आणि दुसरं काही न बोलता सतरंजी काढून नाकाला लावली. धुळीचा वास होता, बाकी काही नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदरानं डोळे पुसले. मला खूप आनंद झाला होता आणि तो कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता.

बाहेर सोनू सांगत होती, कारण सोनूला सांगितल्याशिवाय राहवत नाही. "मामा, ऐका ना. पहिल्याच दिवशी ध्यान होतं. भंतेजी म्हणाले, कुणी हलायचं नाही, श्वासाकडं बघायचं. सगळे एकदम शांत. आणि ही! हिनं हात वर केला."

"हात?" भीमराज म्हणाले.

"हो. सगळ्यांसमोर. म्हणाली, भंतेजी, मला जायचंय. आम्हाला वाटलं आता ओरडा बसणार. भंतेजी म्हणाले, जा बाळ. ही गेली, तर माझ्या शेजारची उठली, मग मागची रांग उठली, अर्धा हॉल रिकामा. सगळ्यांनाच लागली होती, मामा. मला पण. कुणी बोलत नव्हतं."

साक्षी माठापाशी उभी होती. शील्ड बाजूला ठेवून तिनं ग्लास भरला आणि बापाकडं न बघता पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी भीमराजांची पहिली शिफ्ट होती. निघताना त्यांनी स्वतः बाटली भरली आणि आधी एक घोट पिऊन बघितला, मीठबीठ आहे का.

दुपारी मी मशीनवर होते तेव्हा समाधानचा फोन आला. समाधान म्हणजे त्यांच्या लाईनवरचा रिलीव्हर. इतकी वर्षं त्याचं आणि भीमराजांचं कामापुरतंसुद्धा काम पडलं नव्हतं.

"जय भीम, वहिनी. जेवणाची सुट्टी झाली म्हणून केला. भाऊंना बरं नाही का?"

"का हो भाऊ?"

"आज त्यांनी दिवा लावला. आम्हाला वाटलं मशीनच बिघडलं, सुपरवायझर पळत आला. तर म्हणाले, जायचंय. थोड्या वेळानं परत लावला. सगळी लाईन काळजीत आहे राव."

"बरं नाही असं नाही, भाऊ," मी म्हणाले. "बरं वाटायला लागलंय त्यांना."